ठकीचं वजन

आता त्या दवाखान्याला स्लॅब आहे. दारात काचेची खोली, आत नंबर पुकारणारं यंत्र आणि फरशी अशी की म्हाताऱ्या भिंत धरून चालतात. सोयी वाढल्या, नाही कोण म्हणतं? पण गावातल्या जुन्या बायका आठवण काढतात ती त्या आधीच्या, बसक्या, मातीच्या कौलांच्या इमारतीची. आणि काढतात तीही अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं, या आजारपणाबद्दल नाही, माहेराबद्दल बोलताहेत. "मी होते ना तिथं, तेव्हा..." असं एकीनं म्हटलं की दुसरी हातातलं काम खाली ठेवते.

कौलवाल्यांची सून त्यांतलीच एक. आता तिलाच सून आली, तरी गावात ती कौलवाल्यांची सूनच. विषय निघाला की ती हळूच म्हणते, "आमच्या ठकीच्या वेळची गोष्ट."

त्या उन्हाळ्यात खरं तर घरात आनंदीआनंद असायला हवा होता. दवाखान्याला एक नवा वॉर्ड बांधायचा होता आणि त्याच्या छपराची सगळी कौलं याच घरानं करायची होती. सासरे होते तेव्हासुद्धा एवढं काम एकदम आलं नव्हतं. अट एकच, पावसाच्या आत छप्पर चढलं पाहिजे. घरात माणसं तीन. नवरा, सासूबाई आणि सून. चौथी ठकी, वर्षाच्या आतली, ओसरीच्या वाशाला बांधलेल्या झोळीत.

आभाळ मात्र त्या वर्षी वैऱ्यासारखं वागत होतं. सकाळी लख्ख ऊन पडायचं आणि दुपार कलली की डोंगराकडून काळं उठायचं. एकदा तर बघता बघता सडकून सर आली. अंगणभर वाळत घातलेली कच्ची कौलं डोळ्यांदेखत मऊ झाली, वाकली, आणि पुन्हा माती होऊन बसली. सासूबाई पावसात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. मग वाकल्या, आणि तोच चिखल ओंजळीनं पाटीत भरायला लागल्या. "रडायला नंतर वेळ काढू," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून घरात कुणी सरळ पाठीनं बसलं नाही.

नवरा उजाडायच्या आधी खड्ड्यात उतरायचा आणि गुडघाभर माती तुडवायचा. सासूबाई साच्यावर. साचा म्हणजे लाकडाचा अर्धगोल ठोकळा, वर्षानुवर्षं हात फिरून मांडीसारखा गुळगुळीत झालेला. मातीचा गोळा राखेवर थापून सपाट करायचा, साच्यावर पांघरायचा, ओल्या तळव्यानं पाठीवरून हात फिरवायचा. तेवढ्या हात फिरवण्यात सासूबाई कौलाला कौल करायच्या. ते साच्यासकट उचलून अंगणात नेणं आणि साचा अलगद ओढून घेणं हे सुनेचं काम. ओढताना श्वाससुद्धा जोरात घ्यायचा नाही. कौल खचलं की गेलंच.

वाकून वाकून कंबर लाकडासारखी व्हायची. मातीनं बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या. आणि मध्येच झोळी हलायची, ठकी रडायची, सुनेच्या चोळीला पान्ह्यानं ओल यायची. पण हातभर चिखल. हात धुवायचा, पुसायचा, पोर घ्यायची, पाजायची, की इकडे साच्यावर कौल वाट बघत वाळायला लागलेलं.

"झालं का गं?" सासूबाई विचारायच्या.

"आत्ताच तर तोंड लावलंय आत्याबाई."

"मग घे तिला कडेवर आणि ये. पाजत पाजत साचा उचलता येत नाही, हे ठाऊक आहे मला. पण येऊन उभी तरी राहा, माझ्या हाताला जोर येतो."

सासूबाईंचं बोलणं असं. फटका मारायच्या आणि त्याच हातानं गोंजारायच्या. कुठलं खरं, ते सुनेला कळायचं नाही.

आणि ठकी वाढत नव्हती.

म्हणजे काट्यावर वाढत होती. दवाखान्याची सिस्टर दर बुधवारी सायकलवरून गावात यायची. शाळेच्या व्हरांड्यातल्या वाशाला झोळीचा काटा टांगायची आणि गावातली सगळी लेकरं एकेक करून त्यात घालायची. त्याआधी दवाखाना म्हणजे लोक मरायला टेकले की न्यायची जागा. खाटेवर घालून न्यायचं आणि बहुधा तसंच परत आणायचं. तिथं नवी डॉक्टरीणबाई आल्यापासून दवाखानाच उठून गावात यायला लागला होता. हातपंपाभोवतीचं डबकं बुजवा म्हणून सिस्टर पुरुषांच्या मागे लागायची, बायकांना चुलीपाशी गाठायची. आणि बुधवारी काटा. दर बुधवारी ठकीचा काटा थोडा थोडा वर सरकायचा. "छान! लक्ष आहे आईचं," असं सिस्टर म्हणायची, आणि सुनेला कसंतरीच व्हायचं. कारण काटा सांगत होता वाढली, आणि हात सांगत होते नाही.

सून कॉलेजात दोन वर्षं काढून आलेली. आकड्यावर विश्वास ठेवायचा, हे तिला शिकवलेलं. ती स्वतःच्याच हातांना खोटं पाडायची. आपणच दमलोय, म्हणून पोर आपल्याला कधी जड, कधी हलकी वाटते, अशी समजूत घालायची. पण ठकी झोपली की वाकून वाकून बघायची. मांडीची कातडी चिमटीत धरली की सैल निघायची. आधी गळा काढून रडणारी पोर आता कुरकुरायची, आणि कुरकुरता कुरकुरताच गप्प व्हायची. तिचं ते गप्प होणंच सुनेला जास्त खुपायचं.

"आत्याबाई, ठकी हलकी लागते हो."

"हलकी? परवा काट्यावर काय भरलं? सिस्टरनं शाबासकी दिली ना?"

"दिली, पण..."

"मग? काट्यापेक्षा तू शहाणी?"

"मला आपलं वाटतं..."

"तुला वाटतं! दोन वर्षं कॉलेजात गेलीस ती वाटून घ्यायलाच गेलीस. रोप रोज उपटून मूळ बघितलं, तर रोप जगतं का? राहू दे तिला. आमच्या घरातली पोरं बारीकच असतात लहानपणी."

हे बोलताना सासूबाई सुनेकडे बघत नव्हत्या. साच्यावर हात फिरवत होत्या, आणि तिथं फिरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. कौल केव्हाच झालं होतं. सुनेनं हे पाहिलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

बुधवारी ठकीची आंघोळ सासूबाईंच्या हातची असायची. सून कामाला जुंपलेली असायची, म्हणून तिला ते बरंच वाटायचं. आजी नातीला न्हाऊमाखू घालायची, पोटाला पट्टा बांधायची, वरून दुपटं, डोक्याला टोपडं. असं गच्च गाठोडं करून मग सुनेच्या हातात द्यायची. "जा, काट्यावर घालून आण. आणि सोडू नकोस हं काही. वाऱ्याला उघडी करायची नाही."

त्या बुधवारी काम जरा आवरलं होतं, म्हणून सासूबाईही बरोबर आल्या. व्हरांडा बायकांनी भरलेला. टोपल्या विणणारी एक मावशी होती, गाव तिला तोफ म्हणायचं, तोंडावरसुद्धा. तिनं गाठोडं बघितलं आणि डागलीच.

"अगं बाई, भर उन्हाळ्यात पोरीला भट्टीत घातलीत की काय? कौलवालेच तुम्ही, कच्चं ठेवायचं नाही काही!"

बायका हसल्या. सूनही हसली. सासूबाई हसल्या नाहीत.

सिस्टरनं ठकीला झोळीत घातलं. "एवढे कपडे नका घालू हो आजी, काढू या का?" ती नेहमीसारखं म्हणाली, आणि सासूबाई नेहमीसारखं म्हणाल्या, "वारं आहे बाई, छातीत भरेल." मागे बायकांची रांग, कुणाचं पोर रडतंय, कुणाचं पळतंय. सिस्टरनं सोडून दिलं. काटा हलला, थरथरला, थांबला. "वा! ठकूताई!" सिस्टर म्हणाली.

तेवढ्यात झोळीतून पाणी ठिबकलं. पोरांचं काय, काट्यात घातलं की मुतायचंच. पण हे पाणी पिवळं नव्हतं. तपकिरी होतं, दाट होतं. टप टप करत सिस्टरच्या पांढऱ्या चपलेवर पडलं आणि पसरलं.

"अगं बाई, हगवण!" तोफ ओरडली. "पोरीला हगवण लागलीय! रंग बघा!"

सिस्टरचा चेहरा उतरला. तिनं ठकीला उचललं, व्हरांड्याच्या कट्ट्यावर ठेवलं आणि भराभर सोडायला घेतलं. "कधीपासून? किती वेळा?" सकाळपर्यंत काहीच नव्हतं. दुपटं निघालं. सासूबाई पुढे आल्या, "मी सोडते, मी सोडते," म्हणाल्या, पण सिस्टरच्या हाताला घाई होती. पट्ट्याची गाठ सुटली. आणि पोरीच्या पाठीशी, फडक्यात बांधलेला, चांगला मोठा मातीचा गोळा कट्ट्यावर गडगडला. अर्धा सुका, अर्धा विरघळून पातळ झालेला. कौलाची माती. त्यांच्याच खड्ड्यातली.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग तोफेला कळलं. पण तोफ, जन्मात पहिल्यांदा, वाजली नाही. कारण गोळ्याशेजारी ठकी उघडी पडली होती, आणि ती सगळ्यांना दिसत होती. बरगडी न् बरगडी. मोठं डोकं, आणि त्याखाली जणू काही नाहीच. ती रडतही नव्हती. व्हरांड्याच्या छताकडे बघत होती.

सिस्टरनं तिला तशीच, उघडी, परत झोळीत घातलं. काटा वर जायला तयार होईना. जेवढा गेला तेवढा सिस्टरनं दोनदा बघितला. मग म्हणाली, "चूक माझी. दर वेळी उघडं करूनच वजन घ्यायला हवं होतं मी."

सासूबाईंनी खाली वाकून मातीचा गोळा उचलला, पदराखाली घेतला आणि त्या घराकडे चालू लागल्या. मागे चपलेवरच्या चिखलाचे ठिपके वाळत राहिले. सुनेला त्या क्षणी दोन गोष्टी एकदम कळल्या, आणि त्यांचा मेळ बसेना. आपल्या घराचा गावात पार चिखल झाला, ही एक. आणि आपले हात खरं सांगत होते, ही दुसरी.

"उद्या दवाखान्यात घेऊन ये," सिस्टर म्हणाली. "तुलाही राहावं लागेल. दोन आठवडे धर."

घरी नवरा भट्टी रचत होता. त्याला बातमी आधीच कळली होती. गावात बातमीला सायकल लागत नाही.

"दोन आठवडे?" तो म्हणाला. "आत्ता? अगं, भट्टी पेटायची आहे. निम्मी कौलं अजून साच्यावरून उतरायचीत. त्यांचंच छप्पर करायचं आणि त्यांनीच घरातलं माणूस नेऊन ठेवायचं?"

"ठकी दिसली नाही तुम्हाला. उघडी."

"आई म्हणते बारीकच असतात आपल्याकडची..."

"तुमच्या आई मातीचा गोळा बांधत होत्या तिला. दर बुधवारी. आणि दर बुधवारी थोडा मोठा."

नवरा आईकडे वळला. सासूबाई साच्यापाशी बसल्या होत्या, हात कोरडे. "का आई?" त्यानं विचारलं. "छपराच्या कामासाठी?" त्यांनी मान वर केली, तोंड उघडलं, आणि मिटलं. "समज तसं," म्हणाल्या.

सून आत गेली आणि तिनं ठकीला आणलं. नवऱ्यानं आजवर पोरीला फारसं उचललं नव्हतं. मोठ्या माणसांसमोर आपलंच पोर घ्यायचं कसं, हा एक संकोच, आणि हात कायम मातीचे. सुनेनं काही विचारलं नाही. सरळ त्याच्या दोन्ही हातांवर पोर ठेवली.

तो माती उचलून जगलेला माणूस. पाटी उचलली की किती कौलांची माती, ते तो न बघता सांगायचा. ठकी हातावर आली आणि हात आपोआप वर गेले, जास्तच वर, जड म्हणून उचलावं आणि रिकामं निघावं तसे. तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या अंगठ्याची माती तिच्या पोटऱ्यांना लागली. त्या अंगठ्याहून पोटरी फारशी जाड नव्हती.

"मी सोडतो उद्या," तो म्हणाला.

"आणि कौलं?" सुनेनंच विचारलं. कारण तेही पोटच होतं.

"मी उचलीन साचा," सासूबाई तिकडून म्हणाल्या. "थापेन मीच, नेईन मीच. तू जा." मग थोड्या वेळानं, अगदी खालच्या आवाजात, "पण परत घेऊन ये तिला."

जुन्या वॉर्डात खाटा मोजक्याच होत्या. मागच्या बाजूला पत्र्याची शेड, तिच्यात चुली. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाई सुनेला तिथं घेऊन गेली. हडकुळी, चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं तुटक.

"औषध थोडंच आहे. बाकी चूल. शिजवशील तू, भरवशील तू. आम्ही केलं तर इथं वाढेल आणि घरी जाऊन पुन्हा आटेल."

"मला येतो स्वयंपाक," सून म्हणाली, थोडी दुखावून.

"येतो ना? मग सांग, ठकीला काय देतेस?"

"अंगावरचं. आणि भाताचं पाणी."

"आणि भात कोण खातं?"

"आधी हे, मग उरलेला, गार झालेला, आम्ही दोघी."

"पाण्यानं पोट भरतं, पोर नाही भरत," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि चष्मा वर ढकलून निघून गेली.

मग तिथली शाळा सुरू झाली. भात, डाळ मऊ शिजवायची, बोटानं कुस्करायची, वरून तेल. चमच्यावरून घसरून पडेल इतकं पातळ करायचं नाही. ठकीची वाटी वेगळी, म्हणजे किती गेलं ते कळतं. हात साबणानं, नखांसकट. सुनेच्या नखांतली माती पहिल्या दिवशी निघता निघेना. शेजारच्या खाटेवर एक मेंढपाळीण होती, जुळ्यांची आई. ती म्हणाली, "घासू नको एवढं. चार दिवस मातीत हात घातला नाही की आपोआप निघते. माझ्या हाताचा मेंढरांचा वास तर दुसऱ्या आठवड्यात गेला. नवरा भेटायला आला तर ओळखेना मला!"

आणि एक नियम होता, सगळ्यात अवघड. आधी आई जेवणार. ताट वाढून घ्यायचं, मांडी घालून बसायचं, पोटभर खायचं, मग पोराला घ्यायचं. पहिल्या दिवशी सुनेनं घास उचलला आणि ताटात परत ठेवला. सिस्टर येऊन समोर उभी राहिली.

"काय झालं?"

"घरी जेवले असतील का..."

"ते जेवतील. त्यांना तोंड आहे. तू जेव."

मेंढपाळीण खो खो हसली. "मी पण अशीच करत होते गं. आता बघ, मला ताट नाही मिळालं तर मी जुळी खाईन."

ठकी मात्र खाईना. चमचा पुढे केला की तोंड फिरवायची, भरवलं तर बाहेर ढकलायची. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. सुनेला रात्रंदिवस तेच, चमचा आणि तोंड, तोंड आणि चमचा. सकाळी उघडं करून वजन व्हायचं. काटा जागचा हलत नव्हता. एकदा तर खाली आला. सून खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर चिंचेखाली नव्या वॉर्डाच्या भिंती उभ्या होत्या, वर वासे, आणि वाशांवर आभाळ. तिकडे सासूबाई एकट्या साचा उचलत असतील. आणि इकडे मी नुसती बसून खाते आहे, आणि पोर खात नाही. दोन्हीकडून गेलं, असं तिला वाटलं.

मग एका सकाळी ती स्वतः जेवत होती, ठकी मेंढपाळणीच्या मांडीवर. सुनेनं घास तोंडाकडे नेला, आणि मागून ओरडणं ऐकू आलं. कुरकुर नव्हे, खणखणीत, संतापलेलं. वळून बघते तर ठकी तिच्या ताटाकडे बघून हातपाय झाडत होती.

"भूक लागली गं हिला!" मेंढपाळीण म्हणाली. "शिव्या देतेय तुला. घे लवकर!"

वॉर्डातल्या सगळ्या आया उठून बघायला आल्या. ठकी खात होती, गाल भरून, नाकाला भात लावून, आणि चमचा उशिरा आला की पुन्हा ओरडत होती. डॉक्टरीणबाई दारात येऊन थांबली, चष्मा पुसला आणि गेली. ते ओरडणं आठवलं की अजूनही सून हसते. पोरीच्या लग्नात वाजंत्री वाजली ती काहीच नाही, म्हणते.

पुढचे दिवस मग पंख लागल्यासारखे गेले. काटा रोज थोडा वर. दुपारी चिंचेखाली बायका बसायच्या. एकमेकींच्या केसांत तेल घालायच्या, सासवांच्या नकला करायच्या. सिस्टर येऊन मध्येच विचारायची, "जुलाब लागले तर पाणी बंद करायचं की चालू ठेवायचं?" आणि सगळ्या एकसुरात "चालू!" असं ओरडायच्या, शाळेतल्या पोरींसारख्या. सासरी आल्यापासून सून इतकी झोपली नव्हती. इतकी हसली नव्हती. कुणाला सांगायची सोय नाही, पण घरी जायचा दिवस जवळ येऊ नये, असं तिला वाटायला लागलं.

त्याच सुमारास कौलांची पहिली बैलगाडी आली. भट्टी साधली होती. नवरा चिंचेखाली कौलं उतरवत होता. त्यानं ठकीला खिडकीतूनच पाहिलं आणि कौल हातात घेऊन उभाच राहिला. गाडीशेजारी सासूबाई. इतक्या दिवसांत त्या एकदाही आल्या नव्हत्या. उन्हानं काळ्या पडलेल्या, आणि एक खांदा खाली गेलेला. साच्याच्या ओझ्यानं.

सून बाहेर धावली. "आत्याबाई, आत या ना. ठकी बघा."

"मी इथंच बरी. कौलं मोजून द्यायचीत."

"हे देतील मोजून. चला."

"इथूनच दिसते की."

सिस्टर बाहेर आली. "आजी, त्या दिवशीचं मनात ठेवू नका. या आत. जेवणाची वेळ आहे."

सासूबाईंना नाही म्हणता येईना. उंबऱ्यावर त्या अडखळल्या. आत आल्या आणि ठकीच्या खाटेकडे न बघता आधी दूरच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथं आता औषधांचं कपाट होतं. त्या बघत राहिल्या. मग सुनेनं ठकीला त्यांच्या मांडीवर दिलं. ठकीनं आजीच्या कानातलं धरलं आणि ओढलं. सासूबाईंनी हात खाली घालून, तळवा उघडून, तिला जोखलं. एकदा. पुन्हा एकदा.

ताटं आली. मेंढपाळणीनं एक ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"मला नको. हिला भरवा आधी."

"इथं तसं नसतं आजी. आधी आई जेवते."

"मी कुठं आई? मी आजी."

"लेकरं झाली होती ना कधीतरी? मग बसा. किती झाली?"

"तीन," सासूबाई म्हणाल्या.

सुनेच्या हातातली वाटी तशीच राहिली. तिला एकच ठाऊक होता, बाहेर कौलं उतरवत होता तो. घरात कुणी कधी बोललं नव्हतं. गावात कुणी सांगितलं नव्हतं.

"पहिल्या दोघी पोरी," सासूबाई म्हणाल्या. बोलत होत्या ठकीशी, बघतही तिच्याचकडे होत्या. "अशाच होत्या, बारीक. थोरलीला आणली होती इथं. त्या कोपऱ्यात खाट होती तेव्हा. उशिरा आणलीत, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पदरात घेऊन चालत गेले घरी." त्यांनी ठकीच्या नाकावरचा भात बोटानं पुसला. "धाकटीला मग आणलीच नाही."

बाहेर कौलावर कौल ठेवल्याचा आवाज येत होता, बेताचा, एकसारखा.

सुनेनं ठकीला त्यांच्या मांडीवरून उचलून आपल्या कडेवर घेतलं. मग ताट आणखी जवळ सरकवलं. भातावर डाळ वाढली, वरून तेल घातलं. "जेवा आत्याबाई," ती म्हणाली. "ही थांबेल."

सासूबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. सगळ्या आया आपापल्या ताटांवर बसल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी थांबल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. नखांत माती होती. तो मागे घेतला, उठून सुनेनं दाखवलेल्या नळावर साबणानं धुतला, परत येऊन मांडी घातली. पहिला घास तोंडात घातला आणि चावायच्या थांबल्या.

"काय झालं?" सुनेनं घाबरून विचारलं.

"काही नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "गरम आहे." आणि दुसरा घास घेतला.